लाल कोळी दिसला की फवारायचं, पण त्याला खाणारा कोण मोजणार?

फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की द्राक्षबागेत लाल कोळी हमखास येतो. पानं तांबूस पडतात, मागे बारीक जाळं दिसतं आणि आपण टाकी भरायला धावतो. धावणाऱ्याला नावं ठेवत नाही, बाग कर्जावर उभी असते. पण त्याच पानामागे, शिरेच्या बेचक्यात, अजून एक कोळी असतो. चकचकीत, थेंबासारखा, सारखा पळणारा. तो लाल कोळ्याला खातो.

त्याला डोळे नसतात. लाल कोळ्यानं रस शोषलेल्या पानाला वेगळा वास सुटतो, त्या वासावर तो येतो. खाणं भरपूर असलं की मादी जास्त अंडी घालते आणि उन्हाच्या दिवसांत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. खाणं संपलं की उपाशी मरतो, नाहीतर वाऱ्यावर निघून जातो. म्हणजे थोडा लाल कोळी बागेत राहिला तरच हा टिकणार! आपण मात्र बाग ‘एकदम क्लीन’ करतो. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं तर हा आधी मरतो आणि उरलेल्या लाल कोळ्याला रान मोकळं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांत स्टॅन्ली हॉइट या कीटकशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हेच दाखवून दिलं. फारसं नुकसान न करणारा एक बारीक कोळी झाडावर राहू दिला, की शिकारी कोळ्याला आधीपासून खाणं मिळतं आणि मोठा हल्ला होतो तेव्हा तो हजर असतो. अळीसाठी फवारण्या तिथेही चालूच होत्या, फक्त याला न मारणारं औषध बघून.

हो, शिकारी कोळी थोडा उशिराच वाढतो. लाल कोळी हाताबाहेर गेला असेल तर फवारावंच लागेल. पण हाताबाहेर म्हणजे किती? इथेच घोडं अडतं. आपल्याकडे बहुतेक वेळा सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असतो, तो ‘थांबा’ कशाला म्हणेल? कृषी विभागानं पानामागे लाल कोळी इतके आणि शिकारी इतके असतील तर थांबा, असा आकडा द्यावा. वॉशिंग्टनचा नको, आपल्या उन्हात, आपल्या थॉमसनवर मोजलेला. आणि तो गावोगाव पोचवावा.

तोवर दहा पटीचं भिंग घ्या, एका फवारणीच्या खर्चात आख्ख्या गल्लीला पुरतील. रस्त्याकडेच्या धुळीच्या ओळींपासून सुरुवात करा. दोन्ही कोळी मोजा आणि आकडे इथे टाका.