संधिसाधू संसर्ग : गोळ्यांत खंड नको

निरोगी शरीर ज्या जंतूंना सहज रोखते, तेच प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या जिवावर उठतात. यांनाच संधिसाधू संसर्ग म्हणतात. एचआयव्ही रक्तातील प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी नष्ट करतो. त्यांची संख्या घनमिलिमीटरला २००च्या खाली गेली की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, क्रिप्टोकोकल मेंदूज्वर यांचा धोका वाढतो. भारतात एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठतो तो क्षयरोग. सीडी४ पुरेशा असतानाही तो होऊ शकतो. अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरील औषधे, स्टिरॉइड यांनीही प्रतिकारशक्ती ढासळते. २०२१मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या बुरशीसंसर्गाने महाराष्ट्राला याचा कटू अनुभव दिला.

एचआयव्हीबाधितांसाठी उपाय हाताशी आहे. विषाणूला रोखणारी एआरटी औषधे २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७पासून निदान होताच, सीडी४ कितीही असोत, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. अहिल्यानगरमध्ये १९८९पासून कार्यरत ‘स्नेहालय’ ही संस्था एचआयव्हीबाधित मुलांना व महिलांना आधार देते. तरीही गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा बळावतो. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या बाधितांना मुक्कामाच्या ठिकाणी औषधे मिळालीच पाहिजेत. बाधितांनीही खोकला, ताप, घटते वजन अंगावर काढू नये. तातडीने तपासणी करून घ्यावी.