व्याख्येआधी प्रयोग

मानसशास्त्र हा विषय घेऊन महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आणि रसायनशास्त्र किंवा भूमिती शिकावयास बसणारा विद्यार्थी यांच्या मनोभूमिकेत एक मूलगामी भेद असतो, आणि त्या भेदाकडे आमच्या शिक्षणखात्याने, विद्यापीठांनी व अध्यापकवर्गाने जितके लक्ष पुरवावयास हवे होते तितके आजवर पुरविलेले नाही. अणूच्या संयुजेविषयी कोणीही विद्यार्थी घरून मत घेऊन येत नाही. परंतु स्मरण, बुद्धी, भीती, सवय आणि शिक्षा यांविषयी मात्र प्रत्येकाच्या पदरी अशी मते असतात की जी स्वतःच्या अनुभवाने दिलेली, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून दृढ झालेली आणि म्हणूनच कधीही तपासून न पाहिलेली असतात. पाठ्यपुस्तकातली व्याख्या ह्या मतांना हुसकावून त्यांची जागा घेत नाही. परीक्षेपुरती ती त्यांच्या शेजारी बिऱ्हाड करते आणि निकाल लागला की निघून जाते. उत्तरपत्रिकेत ‘प्रबलन’ या संकल्पनेवर निर्दोष टीप लिहिणारा तरुण घरी आल्यावर धाकट्या भावाला पाठीत धपाटा घालून ‘असेच केल्याने मुले सुधारतात’ असे मनापासून म्हणतो, आणि आपण नुकत्याच लिहून आलेल्या टिपेचा ह्या धपाट्याशी काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे की मानसशास्त्राच्या प्रारंभिक संकल्पना शिकविताना व्याख्या सर्वांत शेवटी यावी. आधी तो प्रश्न यावा की ज्याच्या उत्तरादाखल ती संकल्पना निर्माण झाली. मग काय घडेल याविषयीचे आपले भाकीत विद्यार्थ्याने वहीत लिहून द्यावे. त्यानंतर प्रत्यक्ष काय घडले ते त्याला दिसावे. आणि भाकीत व घटना यांतील अंतर त्याच्या मनाला बोचू लागले म्हणजे मग त्या अंतराला शास्त्रज्ञांनी कोणते नाव दिले ते सांगावे.

ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत हा ह्या बाबतीतला सर्वांत जुना व चिवट दाखला होय. बाजारात मिळणाऱ्या अपेक्षित प्रश्नसंचांत या दोहोंतील फरक दोन रकान्यांत छापलेला असतो, तो घोकला जातो, आणि तरीही ‘ऋण’ म्हणजे काहीतरी वाईट अशी समजूत पक्की असल्यामुळे विद्यार्थी ऐनवेळी ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच असे लिहून मोकळा होतो. त्याला दोष देण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे की खुद्द स्किनरने 1938 सालच्या आपल्या पहिल्या ग्रंथात ही संज्ञा शिक्षेच्याच अर्थाने वापरली होती आणि आज रूढ असलेला भेद त्याच्या लेखनात पुढे, 1953 सालच्या ग्रंथापर्यंत, स्थिरावला. ज्या ठिकाणी आचार्यालाच आपली मांडणी बदलावी लागली त्या ठिकाणी अठरा वर्षांचा मुलगा अडखळला तर त्यात आश्चर्य ते काय? त्याच्यापुढे रकाने न ठेवता एक नित्याचा प्रसंग ठेवावा. दुकानात मूल खाऊसाठी रडू लागते, चारचौघांत आईची कुचंबणा होते, ती खाऊ घेऊन देते आणि रडे थांबते. पुढच्या खेपेस मूल अधिक लवकर रडेल की उशिरा, आणि आई अधिक लवकर नमते घेईल की उशिरा, हे दोन प्रश्न विचारून वर्गाला थोडा वेळ विचार करू द्यावा. मुलाला काहीतरी मिळाले आणि त्याचे रडणे बळावले. आईच्या बाबतीत एक असह्य गोष्ट दूर झाली आणि तिचे नमते घेणे बळावले. एकाच घटनेत मुलाच्या पक्षी धन प्रबलन व आईच्या पक्षी ऋण प्रबलन घडले, आणि दोघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही, हे ज्याने एकदा स्वतः शोधून काढले त्याला पुढे वर्तन वाढले की घटले आणि काही दिले गेले की काढून घेतले गेले एवढेच दोन प्रश्न पुरतात.

परंतु शिक्षेविषयीची लोकसमजूत एवढ्याने ढळत नाही, कारण तिच्यामागे एक खराखुरा अनुभव उभा असतो: रागावल्यावर पुष्कळदा सुधारणा झालेली दिसते. ह्या अनुभवाचा उलगडा डॅनियल कानमन यांनी ज्या रीतीने केला ती रीत प्रत्येक अध्यापकाने अभ्यासावी अशी आहे. इस्रायलच्या हवाईदलातील प्रशिक्षकांपुढे कानमन एकदा असे प्रतिपादन करीत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने शिकणे अधिक चांगले होते. तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली की, कसरत उत्तम साधली म्हणून ज्या शिकाऊ वैमानिकाची आपण वाखाणणी करतो तो पुढच्या वेळी बहुधा बिघडवितो, आणि ज्याला फैलावर घेतो तो बहुधा सुधारतो. कानमन यांनी वादविवाद केला नाही. त्यांनी जमिनीवर एक लक्ष्य आखले, प्रत्येक प्रशिक्षकाला त्याच्याकडे पाठ करून दोन नाणी फेकावयास सांगितली आणि अंतरे फळ्यावर मांडली. पहिली फेक ज्यांची उत्तम पडली होती त्यांपैकी बहुतेकांची दुसरी फेक घसरली, ज्यांची वाईट पडली होती त्यांपैकी बहुतेकांची सुधारली. आणि येथे तर कोणी कोणाला शाबासकीही दिली नव्हती की दमही भरला नव्हता. कामगिरीत दैवाचा अंश जेथे जेथे असतो तेथे तेथे असामान्य चांगल्या अथवा असामान्य वाईट फेरीनंतरची फेरी मध्यमानाकडे सरकते, आणि आपण वाईट फेरीनंतरच रागावत असल्यामुळे त्या सरकण्याचे श्रेय आपल्या रागाला देऊन बसतो. मध्यमानाकडील ही परागती संख्याशास्त्राच्या प्रकरणात सूत्रासह छापलेली असते आणि शिक्षेची चर्चा अध्ययनाच्या प्रकरणात निराळी छापलेली असते; त्या दोहोंची गाठ घालून देणे हे अध्यापकाचे काम आहे, आणि त्यासाठी खडूचे एक वर्तुळ व खिशातली दोन नाणी याहून अधिक सामग्री लागत नाही. ज्या देशात अनेक शाळांतून छडी कायद्याने गेली तरी छडीवरचा विश्वास गेलेला नाही, त्या देशात हा अर्ध्या तासाचा प्रयोग प्रत्येक वर्गात व्हावा असे मला अत्यंत तळमळीने वाटते.

बुद्धिगुणांकाची गोष्ट थोडी वेगळी. तेथे अडचण लोकसमजुतीपेक्षा अंकांच्या धाकाची आहे. मध्यमान 100 व प्रमाण विचलन 15 अशी ओळ लिहून दिली जाते, आणि हे प्रमाण विचलन येथे आले कोठून व कशासाठी, हे विचारण्याचे धैर्य मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला होत नाही. इतिहासाच्या क्रमाने गेल्यास ही भीती राहत नाही. शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्याच्या सरकारी गरजेतून पॅरिसमध्ये बिने व सिमाँ यांनी 1905 मध्ये आपली मापनश्रेणी सिद्ध केली. 1912 मध्ये स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची तजवीज सुचविली. टर्मनने 1916 मध्ये तो भागाकार शंभराने गुणून रूढ केला. आणि आमच्याकडे मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या श्रेणीचे संस्करण करून त्यावरील ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध केला, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला तरी ठाऊक असावयासच हवी. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा भरले तर गुणांक 125, हे कोणीही करून दाखवितो. आता वीस वर्षांचा एक मनुष्य घ्या, तो वीस वर्षांच्या माणसाइतकी उत्तरे देतो. तोच मनुष्य चाळिसाव्या वर्षी हुबेहूब तीच उत्तरे देतो. हिशेब करावयास सांगितला की विद्यार्थी 50 हा आकडा काढतो आणि चपापतो, कारण धडधाकट, संसारी, व्यवहारदक्ष माणूस कागदावर मतिमंद ठरलेला असतो. ह्या विसंगतीतून सुटण्यासाठीच वेक्सलरने 1939 मध्ये भागाकार टाकून दिला आणि माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या समूहाशी केली. मग समूहातील गुण किती पसरलेले आहेत हे मोजण्याचे एकक आवश्यक झाले, आणि ते एकक म्हणजेच प्रमाण विचलन. अशा रीतीने भेटलेल्या प्रमाण विचलनाची कोणाला धास्ती वाटत नाही. 115 गुणांक म्हणजे समवयस्कांपैकी सुमारे 84 टक्क्यांच्या पुढे, हे वाक्य विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने बोलू लागतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. प्रयोगाची नुसती कथा सांगणे आणि प्रयोगातून संकल्पना घडविणे ह्या दोन वस्तू एक नव्हेत. पाव्हलॉव्हचा कुत्रा, घंटा आणि लाळ ही कथा तर सर्वांनाच मुखोद्गत असते. किंबहुना ती इतकी परिचित झालेली आहे की तिने अभिसंधानाची समजूत वाढविण्याऐवजी खुंटविली आहे. दोन गोष्टी वारंवार बरोबर घडल्या की त्या मनात जोडल्या जातात, एवढेच तात्पर्य विद्यार्थी तिच्यातून काढतो. 1968 मध्ये रेस्कोर्लाने उंदरांवर केलेल्या प्रयोगाने हे तात्पर्य अपुरे ठरविले. ध्वनी चालू असताना विजेचा धक्का बसण्याची जितकी शक्यता होती तितकीच ध्वनी नसतानाही ठेवली, तेव्हा ध्वनी व धक्का यांची सांगड पूर्वीइतक्याच वेळा घडूनही उंदरांना ध्वनीची भीती वाटू लागली नाही. ध्वनी काही वर्तवीत नव्हता. म्हणून तो निरर्थक राहिला. प्राणी घटनांचा नुसता शेजार नोंदीत नाही, एकावरून दुसरीचा अंदाज बांधता येतो की नाही हे तो पाहतो. निकाल सांगण्यापूर्वी वर्गाकडून भाकीत मागितले तर बहुतेकांचे चुकेल, आणि त्या चुकण्यातच ह्या पाठाचे सारे मोल आहे.

स्मृतीच्या प्रकरणातही असेच. एबिंगहाउसने स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा विस्मरणवक्र फळ्यावर काढला जातो आणि एका दिवसात दोनतृतीयांश विसरले असे सांगितले जाते. वास्तविक त्याने मोजली होती ती पुन्हा पाठ करताना वाचलेली मेहनत. ‘ठूझ’, ‘णोघ’, ‘छीढ’ अशी निरर्थक अक्षरे विद्यार्थ्यांकडून सोमवारी पाठ करून घ्यावीत, मंगळवारी आठवण्यास सांगावे, आणि काहीच आठवत नाही असे म्हणणाऱ्याला तीच यादी पुन्हा पाठ करावयास लावून घड्याळ पाहावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे लागली आणि आज सहा पुरली, तर जे आठवत नाही तेही कोठेतरी शिल्लक आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतर हेन्री मोलेसनची हकीकत सांगावी: 1953 च्या शस्त्रक्रियेनंतर नवे प्रसंग त्याच्या स्मरणात टिकत नसत, तरी आरशात पाहून तारा गिरविण्याचे कौशल्य त्याच्या हाताने दिवसागणिक आत्मसात केले. अशा क्रमाने आल्यावर ही हकीकत नुसती चमत्कारिक न राहता अर्थपूर्ण होते.

ह्या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते प्रामाणिक माणसांकडून येतात म्हणून त्यांचा आदर केला पाहिजे. वर्ग शंभराचा असतो, प्रयोगशाळा नसते, अभ्यासक्रम मुदतीत संपवावयाचा असतो. पहिल्या दोहोंचे उत्तर खडू, नाणी, कागद व घड्याळ यांनी वर दिलेच आहे. तिसऱ्याविषयी एवढेच म्हणतो की संपविलेला अभ्यासक्रम आणि शिकलेला अभ्यासक्रम यांची तुलना करण्याचे साधन मानसशास्त्रानेच आपल्या हाती दिलेले आहे. रोडिगर व कार्पिकी यांनी 2006 मध्ये असे दाखविले की उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, परंतु आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांना स्पष्टपणे मागे टाकतात. हा निष्कर्ष जे खाते शिकविते त्यानेच तो धाब्यावर बसवून टिपणे उतरवून देण्याचा शिरस्ता चालू ठेवावा हे शोभणारे नाही. तासाच्या आरंभी पाच मिनिटे, गुणांशिवाय, मागच्या तासाचे कोऱ्या कागदावर लिहून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून हे सारे फार काळ टिकणार नाही, कारण विद्यार्थी शेवटी परीक्षेच्या मागणीप्रमाणेच अभ्यास करतो आणि तसे करण्यात त्याचा काही अपराध नाही. ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘टिपा लिहा’ या ठराविक प्रश्नांऐवजी असा एखादा प्रश्न घालावा: एका कारखान्यात महिनाभर वेळेवर येणाऱ्या कामगारांना रविवारच्या जादा पाळीतून सूट देण्यात आली आणि वेळेवर येण्याचे प्रमाण वाढले, दुसऱ्या कारखान्यात ज्या महिन्यात सर्वांत अधिक उशीर झाला त्याच्या अखेरीस ताकीद लावण्यात आली आणि पुढच्या महिन्यात उशीर घटला. पहिल्या ठिकाणी कोणते तत्त्व लागू पडते, आणि दुसऱ्या ठिकाणी श्रेय ताकिदीला देता येईल काय, हे कारणांसह लिहावे. असा प्रश्न कोणत्याही अपेक्षित संचात सापडणार नाही, आणि सापडू लागला तर दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या जागी बससेवा घालता येईल.

ह्यासाठी वेळ काढावयाचा तर रचनावाद, कार्यवाद आदी संप्रदायांच्या याद्या पहिल्या वर्षातून काढून पुढच्या वर्षी नेण्यास माझी मुळीच हरकत नाही. ज्याला अद्याप एकही प्रयोग ठाऊक नाही त्याला प्रयोगांविषयीचे वाद कळत नाहीत. आणि विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने परीक्षकांस लेखी कळवावे की अशा प्रश्नांच्या उत्तरात संज्ञा चुकली पण कारणमीमांसा बरोबर असली तर निम्म्याहून अधिक गुण द्यावेत, आणि संज्ञा अचूक पण कारण दिलेले नसेल तर देऊ नयेत.