फुकटाला पिन कशाला?



आपल्या परळच्या चाळींत केबल आली तेव्हा केबलवाला पगाराच्या आठवड्यात दारात उभा राही. पैसे असले तर आपण देत असू, नसले तर "पुढच्या सोमवारी ये" म्हणत असू. पैसा आपल्या हातून जात होता. आता टीव्हीचा पैसा हाताला न शिवता जातो.

आमच्या शेजारच्या वहिनी इस्पितळात आयाचे काम करतात. त्यांच्या मुलाने क्रिकेटसाठी फोनवर एक वाहिनी घेतली. "सात दिवस फुकट आहे, आई, फक्त पिन टाक." वहिनींनी टाकला. सामने संपले, मुलाने ॲप काढून टाकले. आठव्या दिवशी खात्यातून ४९९ रुपये गेले आणि मुलीच्या परीक्षेची फी अडली. मुलाला मार बसता बसता राहिला. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, फुकटाला पिन कशाला लागला हो?"

प्रश्न बिनतोड आहे. तो पिन म्हणजे दरमहा पैसे कापण्याची परवानगी होती. तिला ऑटोपे म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जून २०२२ पासून अशी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा पिन न विचारता कापता येते. ॲप काढले की चित्र बंद होते, परवानगी चालूच राहते. मात्र कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. वहिनींनाही संदेश आला होता, पण इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगाखाली.

म्हणून ज्या ॲपमधून पैसे देता, त्यातच ऑटोपेची यादी उघडून परवानगी रद्द करा. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीच करा. पैसे गेलेच तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार करा. फुकट सेवेसाठी पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणे आणि सेवा बंद करणे अवघड करून ठेवणे, यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे. याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. आपल्या परळच्या पुरवठा भवनाने ग्राहकांचे असे किती तंटे पाहिले आहेत!

वहिनींना कंपनीने दोनदा नकार दिला. १९१५ वर तक्रार केल्यावर बाराव्या दिवशी पैसे परत आले. प्रत्येकीचे येतीलच असे नाही. पण "पाचशे रुपयांसाठी कुठे भांडायचे?" असे म्हणून गप्प बसू नका. वहिनींसाठी ते पाचशे म्हणजे मुलीची फी होती.

आज जेवणे उरकली की घरातले सगळे फोन पुढ्यात घ्या आणि ऑटोपेची यादी वाचा. मुलांवर रागावू नका, यादी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.