पिल्लू डोळ्यांनी दिसल्याशिवाय दिवाण बंद करू नका

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत घरातलं सगळं सामान हलतं. गाद्या उन्हात पडतात, दिवाण उपसला जातो, कपाटं भिंतीपासून पुढे ओढली जातात, कुणाकडे पाडव्याच्या मुहूर्तावर नवा सोफा येतो. आणि याच दिवसांत, पावसाळ्यात जन्मलेली मांजराची पिल्लं दोन-तीन महिन्यांची होऊन नव्या घरी जायला लागतात. सगळ्यात धोक्याच्या वेळी सगळ्यात अजाण जीव घरात येतो. म्हणून ज्यांच्याकडे नुकतंच पिल्लू आलंय किंवा येत्या काही दिवसांत येणार आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती: पिल्लू कुठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरातली कुठलीही वस्तू बंद करू नका, तिची घडी घालू नका, ती सरकवू नका आणि तिच्यावर बसूही नका.

‘असेल इथेच कुठेतरी’ म्हणून भागणार नाही. ते दिसलंच पाहिजे.

दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम पाऊण-एक किलो वजनाचं असतं. मांजराच्या गळ्याजवळची हाडं आपल्यासारखी खांद्याला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे जिथे डोकं शिरतं तिथे उरलेलं अंगही शिरतं. दोन बोटं आडवी जातील एवढी फटसुद्धा धोक्याचीच समजा. त्यात नवं घर, नवे आवाज, आई जवळ नाही. अशा वेळी पिल्लू ओरडत नाही, अंधारी, अरुंद जागा शोधतं आणि तिथे चिडीचूप बसून राहतं. तुम्ही कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. भीती जरा ओसरली की तिथेच झोपतं, आणि या वयात त्याची झोप दिवसातले 16 ते 20 तास असते.

सगळ्यात आधी रिक्लायनर. आजी-आजोबांच्या गुडघ्यांसाठी हौसेने घेतलेली ही खुर्ची पिल्लासाठी घरातली सगळ्यात वाईट वस्तू आहे. पाय ठेवायची फळी वर आली की तिच्याखाली मोठी पोकळी उघडते आणि आत कात्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात. पिल्लू त्या पोकळीत शिरतं. आपण उठताना फळी खाली दाबतो आणि त्या पट्ट्या एकमेकींवर मिटतात. मोटरवर चालणाऱ्या खुर्चीत तर मध्ये काही अडकलंय हे हाताला जाणवतही नाही. पिल्लू चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत ही खुर्ची वापरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बटणाची असेल तर प्लग काढून ठेवा. आजोबांना तिच्याशिवाय जमतच नसेल, तर ती त्यांच्या खोलीत हलवा आणि त्या खोलीचं दार लावून घेत जा.

दुसरा धोका खणाच्या पलंगाचा, म्हणजे दिवाण किंवा हायड्रॉलिक बेडचा. फळी उचलून आपण रजया काढतो, त्या ठेवायला पाठ वळवतो, तेवढ्यात पिल्लू आत उडी मारतं. फळी मिटते, वर गादी येते, चादर पसरली जाते. आतून आवाज बाहेर येत नाही. घरातले मग जिना, गच्ची, शेजारपाजार धुंडाळत बसतात आणि पिल्लू त्यांच्याच पलंगाखाली उकाड्यात कोंडलेलं असतं. साफसफाईच्या दिवसांत हा खण दिवसातून दहा वेळा उघडला जातो, म्हणून खण उघडण्याआधीच पिल्लाला दुसऱ्या खोलीत बंद करा.

सोफ्याचं काय, तर तो आज उलटा करून बघा. खालच्या बाजूला पिनांनी ठोकलेलं पातळ काळं कापड असतं. ते पिल्लाच्या नखांनी सहज फाटतं. भोक पडलं की पिल्लू आत स्प्रिंगा आणि पट्ट्यांमध्ये जाऊन झोपतं, आणि वर पाहुणे बसले की बैठक खाली दबते. सुताराला बोलावून त्या कापडावर पातळ प्लायवूड ठोकून घ्या, सोफ्याच्या पुढच्या खालच्या फटीला पट्टी मारून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सोफा-कम-बेडची घडी मात्र प्लायने झाकता येत नाही. तो उघडा तरी ठेवा, नाहीतर मिटलेलाच राहू द्या.

ड्रॉवरबद्दल फारसं कुणाला माहीत नसतं. पिल्लू ड्रॉवरमध्ये पुढूनच जातं असं नाही, टेबलाच्या पाठीमागून किंवा खालच्या फटीतून जाऊन ड्रॉवरच्या मागे बसतं. आपण ड्रॉवर आत ढकलतो तेव्हा ते मागच्या फळीवर चिरडतं. पिल्लू सापडत नसेल तर ड्रॉवर हळूच पूर्ण बाहेर काढून मागे टॉर्च मारून बघा.

झुलती खुर्ची, झोपाळा, घडीची कॉट, कपडे भरलेलं वॉशिंग मशीन यांनाही तोच नियम. वाऱ्याने धाडकन लागणाऱ्या दाराला अडसर लावा. पुस्तकांचं रॅक आणि टीव्हीचं युनिट भिंतीला क्लॅम्पने पक्कं करा, कारण पडद्याला लटकलेलं पिल्लू तिथून त्यांच्यावरच उडी घेतं. खिडकीजवळचं टेबल किंवा सोफ्याचा हात म्हणजे त्याची शिडी. नुसत्या ग्रिलच्या गजांतून ते सहज पलीकडे जातं आणि नायलॉनची मच्छरजाळी त्याच्या धक्क्याने निघून येते, तेव्हा खिडक्यांना चौकटीत बसवलेली धातूची जाळी हवी. बाथरूममधली भरलेली बादली झाका.

आणि हे सगळं फक्त तुम्हाला ठाऊक असून उपयोग नाही. कामाला येणाऱ्या ताईंना, लहान मुलांना, दिवाळीच्या पाहुण्यांना, सोफा पोचवायला आलेल्या माणसांना सांगा. दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा. फटाके वाजायला लागले की पिल्लू घरातल्या सगळ्यात खोल जागी जातं, त्या संध्याकाळी फर्निचरला हात लावताना दुप्पट काळजी घ्या.

इतकं करूनही पिल्लू अडकलंच, तर ओढू नका. खुर्चीवर बसलेल्या माणसाने आहे तसंच थांबावं, मोटर असेल तर प्लग काढावा. दुसऱ्याने खाली वाकून टॉर्चने पाहावं, मगच पट्टी सैल करावी, गरज पडली तर बोल्ट खोलावेत. पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून उचला, कारण वेदनेने ते चावेल. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. पिल्लू सुटल्यावर चालू-फिरू लागलं तरी ते ठीक आहे असं धरून चालू नका. चिरडल्याने छाती आणि पोटामधला पडदा फाटू शकतो, आत रक्तस्राव होऊ शकतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, पांढरट हिरड्या, मागचे पाय ओढत चालणं यांपैकी काहीही दिसलं तर पशुवैद्याकडे नेण्यात एक मिनिटही वाया घालवू नका. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, गोळीचा छोटा तुकडाही जिवावर बेततो. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच. इतर ठिकाणी जवळचे पशुवैद्य आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना यांचे पत्ते, फोन आणि सणाच्या दिवसांतल्या वेळा आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

पिल्लू आल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्याला एकच खोली द्या, जिथे ना रिक्लायनर आहे ना खणाचा पलंग. एक खोका आडवा ठेवून आत जुनी सुती साडी किंवा गोधडी घाला. लपायची हक्काची जागा मिळाली की ते दुसरी शोधत फिरत नाही. आणि ज्यांच्या घरी अजून सुतार आलेला नाही, जाळी बसलेली नाही, त्यांनी पिल्लू आणायचा दिवस सरळ दिवाळीनंतर ढकलावा. ज्यांच्याकडून ते घेणार आहात त्यांना आजच फोन करून कारण सांगा. पिल्लाची खरी काळजी असलेला माणूस ते आणखी पंधरा दिवस आनंदाने सांभाळेल.