उतारावर गिअर सोडू नका, सोडायला लावू नका

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका मालवाहू गाडीने पुढची कितीतरी वाहनं ठोकली. ब्रेक निकामी झाल्याची चर्चा आधी झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने गाडी न्यूट्रलवर सोडल्याचं पुढे आलं.

वाहतूकदार मित्रहो, चालक हे हौसेने करत नाही. फेरीमागे डिझेल मोजून देणारे आणि अ‍ॅव्हरेज कमी आलं की पगार कापणारे आपणच आहोत. बरं, इतकं करून डिझेल वाचतं का? बीएस-4, बीएस-6 गाड्यांच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलची फवारणीच थांबते. उतरणारी चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच राहतं. किल्लीच बंद केली तर थेंबभर वाचेल, पण पॉवर स्टिअरिंग जाईल आणि कॉम्प्रेसर थांबेल. मग टाकीतली हवा ब्रेकच्या प्रत्येक दाबाला कमी होत जाणार.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. 28 टनांच्या दहाचाकी ट्रकची या उतरणीत सुटणारी ऊर्जा चारशे लिटरहून जास्त पाण्याला उकळी आणेल एवढी असते. तिचा काही भाग हवेत आणि टायरच्या घर्षणात जातो. उरलेली इंजिनाने अडवली नाही, तर सगळी ड्रम आणि लायनरवर येते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही घटते. चालक पेडल पूर्ण दाबतो आणि गाडी धावतच राहते. अशा वेळी खालचा गिअर पडेलच याची खात्री नसते, म्हणून तो घाटमाथ्यावरच, उतार लागण्याआधी टाकायला हवा. एक्झॉस्ट ब्रेकही गिअर असेल तरच कामाचा.

उतारभर पेडलवर पाय टेकवून बसणं सर्वांत वाईट. वेग 30 ठरवला असेल तर काटा 30 वर येताच ठाम ब्रेक मारावा, वेग सात-आठ किलोमीटरने उतरला की पाय पूर्ण काढावा. ड्रमला तेवढीच उसंत मिळते. खाली पोचल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडे जातात.

चांगल्या चालकांना यातलं बरंचसं ठाऊक असतं. ते पाळायची मोकळीक मालकाने द्यायची आहे. या महिन्याचा डिझेलचा हिशेब मांडाल तेव्हा घाटाच्या फेऱ्या वेगळ्या काढा, त्यांना वेळ वाढवून द्या आणि त्यांच्यावरची अ‍ॅव्हरेजची कपात आत्ताच बंद करा.