पश्चिम बंगाल : भ्रष्टाचाराचे आरोप आणि मतदारांचा कौल

कोलकाता : सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी पश्चिम बंगालमधील सरकारी व अनुदानित शाळांतील २५,७५३ शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या रद्द ठरविल्या. या निकालामुळे राज्याच्या राजकारणात २०१३ पासून वारंवार विचारला जाणारा प्रश्न पुन्हा पुढे आला. गैरव्यवहार उघडकीस येतात, मंत्र्यांना अटक होते. मग निवडणुकीत त्याचे पडसाद का उमटत नाहीत?

एप्रिल २०१३ मध्ये शारदा समूह कोसळला आणि लाखो लहान ठेवीदारांची बचत बुडाली. त्या प्रकरणात तृणमूल काँग्रेसचे खासदार आणि पुढे परिवहनमंत्री मदन मित्रा यांना अटक झाली. मार्च २०१६ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 'नारद' ध्वनिचित्रफिती प्रसिद्ध झाल्या. त्यांत पक्षाचे अनेक नेते रोख रक्कम स्वीकारताना दिसत असल्याचा आरोप झाला. पक्षाने तो राजकीय हेतूने केलेला असल्याचे सांगितले. त्या निवडणुकीत तृणमूलच्या जागा १८४ वरून २११ वर गेल्या. मदन मित्रा तुरुंगातून निवडणूक लढवून कामारहाटी येथे पराभूत झाले खरे, परंतु २०२१ मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. उत्तर कोलकात्याचे खासदार सुदीप बंद्योपाध्याय यांना जानेवारी २०१७ मध्ये रोझ व्हॅली प्रकरणी अटक झाली होती. ते २०१९ आणि २०२४ मध्येही विजयी झाले.

याचे पहिले कारण नेतृत्वाच्या स्वरूपात आहे. कालीघाटच्या हरीश चॅटर्जी मार्गावरील साधे घर, पांढरी सुती साडी आणि रबरी चपला ही ममता बॅनर्जी यांची प्रतिमा पक्षापासून वेगळी राहिली. २०१६ च्या प्रचारात सर्व २९४ मतदारसंघांत आपणच उमेदवार आहोत असे समजावे, असे आवाहन त्यांनी केले होते. स्थानिक उमेदवारावरचा राग नेत्यापर्यंत पोहोचू नये, हाच त्याचा अर्थ. २०२१ मध्ये नंदीग्राममध्ये त्यांचा १,९५६ मतांनी पराभव झाला, तरी पक्षाने २१३ जागा जिंकल्या आणि भवानीपूरच्या पोटनिवडणुकीत त्या ५८,८३५ मतांनी विजयी झाल्या. कन्याश्री, लक्ष्मीर भांडार यांसारख्या योजनांची रक्कम थेट खात्यात जमा होत असल्याने महिला मतदारांचा हिशेबही वेगळा होता.

दुसरे कारण आरोप करणाऱ्यांच्या विश्वासार्हतेचे आहे. नारद प्रकरणात नावे आलेले मुकुल रॉय २०१७ मध्ये आणि शुभेंदू अधिकारी २०२० मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. निकालानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १७ मे २०२१ रोजी, केंद्रीय अन्वेषण विभागाने फिरहाद हकीम, सुब्रत मुखर्जी, मदन मित्रा आणि शोभन चॅटर्जी यांना अटक केली. या दोघांना नाही. मुख्यमंत्री त्या दिवशी निझाम पॅलेस येथील कार्यालयात सुमारे सहा तास बसून होत्या. शिक्षकभरती प्रकरणात कठोर आदेश देणारे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला आणि भाजपचे उमेदवार म्हणून तमलूकमधून लोकसभा गाठली. ज्यांच्या निकालांवर हजारो उमेदवारांनी भरवसा ठेवला, त्यांनी हा मार्ग निवडावयास नको होता. 'आदर्श' प्रकरणात २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद गमावलेले अशोक चव्हाण २०२४ मध्ये भाजपमध्ये गेल्याचे पाहिलेल्या महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. तिसरा पर्याय म्हणावा, तर ३४ वर्षे सत्तेवर राहिलेल्या डाव्या आघाडीला २०२१ मध्ये विधानसभेत एकही जागा मिळाली नाही.

दक्षिण आफ्रिकेतही असेच चित्र दिसले. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे जेकब झुमा यांना २०१८ मध्ये अध्यक्षपद सोडावे लागले. २०२४ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने बहुमत गमावले. परंतु तिची बरीच मते ज्या पक्षाकडे वळली, त्याचे नेते झुमाच होते.

शिक्षकभरतीचे प्रकरण मात्र आधीच्या दोन्हींहून गंभीर आहे. २०१६ च्या या प्रक्रियेत २४,६४० पदांसाठी सुमारे २३ लाख उमेदवार होते आणि नियुक्तिपत्रे पदांपेक्षा अधिक निघाली. गुणवत्ता यादीत वर असलेल्यांना डावलल्याबद्दल उमेदवारांनी मध्य कोलकात्यात गांधी पुतळ्याजवळ एक हजार दिवसांहून अधिक काळ धरणे धरले. जुलै २०२२ मध्ये माजी शिक्षणमंत्री पार्थ चॅटर्जी यांना अटक झाली. त्यांच्या निकटवर्तीयाच्या सदनिकांतून सुमारे ५० कोटी रुपये रोख सापडले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी, लोकसभेचे मतदान सुरू असताना, सर्व नियुक्त्या रद्द केल्या. तरीही तृणमूलच्या जागा २२ वरून २९ झाल्या.

शालेय सेवा आयोगाने मूळ उत्तरपत्रिका नष्ट केल्या होत्या. त्यामुळे पैसे देऊन लागलेले आणि अभ्यास करून लागलेले यांना खात्रीने वेगळे करता येईना, आणि संपूर्ण प्रक्रियाच दुरुस्तीपलीकडे दूषित झाल्याचा निष्कर्ष न्यायालयाला काढावा लागला. न्यायालयाचा नाइलाज समजण्यासारखा आहे, पण शिक्षा निर्दोषांनाही झाली. १७ एप्रिल २०२५ च्या आदेशाने दोषी न आढळलेल्या शिक्षकांना डिसेंबरअखेरपर्यंत शिकविण्याची मुभा मिळाली. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना तीही मिळाली नाही. ऑगस्टअखेरीस आयोगाने सुमारे १,८०० दोषी शिक्षकांची नावे जाहीर केली. हीच यादी वेळेवर आणि पुराव्यांसह दिली असती, तर उरलेल्यांना आपली बाजू मांडता आली असती.

७ आणि १४ सप्टेंबर २०२५ रोजी नव्याने परीक्षा झाली. अनेक वर्षे वर्गात शिकविलेले शिक्षक तिला नुकत्याच पदवी घेतलेल्या उमेदवारांसोबत बसले.