ॲक्सोलॉटल पाळताय? आधी पाण्याचा विचार करा

मोबाइलवरच्या खेळांतून आणि व्हिडिओंतून मुलांच्या ओळखीचा झालेला एक प्राणी आता आपल्याकडच्या शोभेच्या माशांच्या दुकानांतही दिसू लागला आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे हसू. हा ॲक्सोलॉटल. दुकानदार त्याला 'चालणारा मासा' म्हणून विकतो, पण तो मासा नाही. बेडकासारखाच तो उभयचर आहे आणि त्याची कातडी अतिशय नाजूक असते. पाण्यात जे काही असेल ते थेट त्याच्या अंगात उतरते. म्हणून या महिन्यात आपण फक्त त्याच्या पाण्याबद्दल बोलू.

त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीजवळच्या शोचिमिल्को तलावाच्या कालव्यांत. तिथले पाणी वर्षभर थंड असते. शहराच्या सांडपाण्याने हे पाणी बिघडले, बाहेरून आणून सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी त्याची अंडी-पिल्ले खाल्ली. १९९८ मध्ये तिथे एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले गेले होते, २०१४ मध्ये फक्त ३६. मेक्सिकोने ५० पेसोच्या नोटेवर त्याचे चित्र छापले, पण तलावात तो जवळपास संपत आला आहे. जे तलावात झाले, तेच आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीत आठवडाभरात होऊ शकते.

न दिसणारे विष

टाकीतले पाणी काचेसारखे नितळ दिसले म्हणजे ते स्वच्छ आहे असे धरू नये. प्राण्याची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले आणि कातडी जाळतो. निसर्गात हे काम सूक्ष्म जिवाणू निस्तरतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून काढता येते.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी टाकी आणि स्पंज फिल्टर, मग चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना पोसायचे, दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडे नायट्रेट दिसू लागले की मगच प्राणी आणायचा. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. मोठ्या झालेल्या एका ॲक्सोलॉटलला निदान ७५ लिटरची टाकी हवी, १०० लिटरची मिळाली तर उत्तम. जितके पाणी जास्त, तितके ते सावकाश बिघडते.

आठवड्याचे काम

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. १०० लिटरच्या टाकीत हे जेमतेम दीड बादली होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात पालिका त्याचे प्रमाण अनेकदा वाढवते. तेव्हा माशांच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घालूनच पाणी ओतावे. नवे पाणी जुन्याइतकेच थंड असावे.

आरओचे पाणी शुद्ध म्हणून तेच ओतण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि ॲक्सोलॉटलला थोडे जड पाणीच मानवते. बोअरचे पाणी असेल तर ते आधी तपासून घ्यावे, कारण त्यात नायट्रेट मुळातच असू शकते.

फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा. विष्ठा आणि उरलेले खाणे मोठ्या पिचकारीने रोजच्या रोज ओढून घ्यावे. तळाला खडे घालू नयेत. तो ते गिळतो, आणि घाणही त्यांच्या फटीत अडकते. उघडा तळ सगळ्यात सोपा. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. नायट्रेट हे झाडांचे खत आहे, गॅलरीतल्या कुंड्या त्यावर खूश होतात.

खरी अडचण उन्हाची

त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी लागते. २० च्या वर त्याला त्रास सुरू होतो, २४ च्या वर जिवाला धोका. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि अमोनियाचा विषारीपणा वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. टाकीवर पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरते, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेवढेही नाही. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान खालीवर होत राहते. एप्रिल-मेमध्ये चिलर किंवा दिवसरात्र एसी एवढेच खरे उपाय, आणि दोन्हींचा खर्च आहे. घरात हे जमणार नसेल तर मुलांना समजावून नाही म्हणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे

टाकीच्या खोलीत डासांचे लिक्विड, कॉइल, फवारा वापरू नये. ही औषधे पाण्यातल्या जिवांना फार घातक असतात. फिनाइल, साबण, अत्तर लागलेला हात पाण्यात घालू नये. ईदला किंवा सुट्टीत गावी जाताना शेजाऱ्यांनी रोज मूठभर खाद्य टाकावे असे सांगू नका. मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण कुजलेल्या खाद्याच्या पाण्यात नाही.

कल्ले पुढे वळले, शेपटीचे टोक मुडपले, कातडी लाल झाली किंवा त्याने खाणे सोडले तर पहिले काम पाणी तपासणे. अमोनिया निघाला तर लगेच अर्धे पाणी बदला. तरीही उतरला नाही, तर त्याला स्वच्छ, थंड, क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या टबात ठेवा आणि ते पाणी रोज पूर्ण बदला. दुकानदाराने दिलेली माशांची औषधे परस्पर घालू नका.

एक कायद्याची गोष्ट. हा प्राणी आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली आहे, आणि ती 'परिवेश' पोर्टलवर होते. घेताना कागदपत्रे मागा. आणि कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात किंवा नाल्यात कधीही सोडू नका.

ॲक्सोलॉटल नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. आज चौथीत असलेला मुलगा कॉलेजात जाईल तोवर ही अमानत घरात असेल. त्याचे पाणी दर आठवड्याला कोण बदलणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधी ठरवा. मग दुकानात जा.